आशाने टाकलेलं अपडेट

लोणखेडा,
१६ जून २०२५

प्रिय आशा,

मी मजेत आहे. तूही असशील असं धरून चालते. नसलीस तरी कळवणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. यंदा बापूंच्या केळीला छान घड लागलेत. कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी सुरू झालीय. तू मोलगीत फॉर्म भरायचं स्वतःचं दुकान टाकलंस हे ऐकून खरंच आनंद झाला. इथे आपल्या दुकानात तुझ्या खुर्चीवर मी फायली ठेवते.

आपला कॉम्प्युटर पुन्हा हळू झालाय. तू अपडेट टाकलंस तेव्हा झाला होता, तेवढाच.

तू त्यावरून भांडून गेल्यावर ते अपडेट मीच काढून टाकलं होतं. कॉम्प्युटर पळायला लागला आणि मी वर्षभर येईल त्याला सांगत सुटले, आशाने बिघडवला होता म्हणून.

परवा कॉलेजातल्या नवलसिंग सरांनी समजावलं. दोष प्रोसेसरमध्येच आहे, कारखान्यातून आलेला. त्या फटीतून एखादा चोरटा प्रोग्राम दुसऱ्याचं गुपित वाचू शकतो. अपडेट ती फट झाकतं, पण थोडा वेग खातं. तू हेच सांगत होतीस, मी ऐकलं कुठे? डोंगरातून येणारी माणसं पुढच्या खेपेपर्यंत पासवर्ड विसरतात, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड आपणच कॉम्प्युटरमध्ये साठवलेले. ते वर्षभर उघड्यावर होते. अजून कुणाची तक्रार नाही, पण त्यात माझी काही हुशारी नाही.

त्याच दिवशी अपडेट परत टाकलं, साठवलेले पासवर्डही पुसले. रांगेत ताटकळलेले लोटनआप्पा म्हणाले, "तूच सांगेल व्हतं ना, आशानी बिघाडं म्हनीसन?"

"आप्पा, मी खोटं बोलले," मी म्हटलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. लाज वाटली, आणि खूप हलकंही वाटलं.

आप्पा म्हणाले, "मंग जठे जठे सांगं, तठे जाईसन आते खरं सांग."

माझं ते बोलणं मोलगीपर्यंत पोचलंय आणि त्यामुळे लोक तुझ्या दुकानात यायला कचरतात, हेही मला कळलंय. म्हणून येत्या बाजाराला सकाळच्या जीपने येते. माझा बी.एड.चा फॉर्म अजून भरायचा आहे. भर गर्दीत खरं काय ते सांगेन, आणि फोन, कागदपत्रं, सगळं तुझ्या हातात देऊन समोर बसेन. कितीही वेळ लाव. लोकांना बघू दे.

तुझं नाव बिघडवलेली,
जागृती