पाट्यांवरचा डाख

सोलापूर,
१९ फेब्रुवारी १९७८

प्रिय विजू,

आठ दिवसांपूर्वीच मी माळशिरसला येऊन गेलो आणि लगेच मागून पाकीट आलं, म्हणून तू घाबरशील. आई बरी आहे. मीही हिंडतो-फिरतो आहे. बातमी आपल्या शेडवरच्या बिरप्पाची आहे. तो परवा अक्कलकोटकडं, आपल्या गावी गेला, कायमचा. त्याच्या भावानं दंडाला धरून त्याला एसटीत चढवलं, कारण बिरप्पाचे दोन्ही हात आता मनगटापासून खाली लोंबतात. भाकरीचा तुकडासुद्धा त्याला मोडता येत नाही. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही.

गिरणीतून कमी केल्यावर मी भंगारात शिरलो ते तुला आठवतच असेल. पुण्याचा एक व्यापारी लष्कराच्या लिलावातले मोडके वायरलेस आणि टेलिफोनची खोकी घ्यायचा. वरचं तांबं-पितळ तो स्वतः काढून घ्यायचा आणि आतल्या सर्किटच्या पाट्या पोत्यात भरून आपल्याकडं पाठवायचा. त्या पाट्यांवर सुटे भाग डाख देऊन बसवलेले असतात. डाख म्हणजे शिसं आणि कथील, एकत्र वितळवलेलं. सात रस्त्याच्या पुढं आपली ती पत्र्याची शेड. तिथं बिरप्पा एकेक पाटी चिमट्यात धरून निखाऱ्यावर तापवायचा आणि आपटायचा, की लोखंडी तव्यात पाऱ्यासारखे थेंब पडायचे, त्यांच्या आम्ही वड्या ओतायचो. मी बाजूला बसून पिना वेगळ्या करायचो. त्यांतल्या सोन्याचा मुलामा असलेल्या सराफाकडं जायच्या, बाकीच्या पितळेत. धूर कडू असायचा. आम्ही गुळाचा खडा तोंडात ठेवायचो. गूळ खाल्ला की छातीत काही राहत नाही, अशी आमची समजूत.

दिवाळीनंतर बिरप्पाच्या पोटात पिळे पडू लागले. संक्रांतीच्या सुमारास एकदा चिमटा त्याच्या हातून गळाला. उचलायला गेला तर बोटं उघडेनात. माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, हात माझं ऐकंना." मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती. काम काय करता विचारलं, ते मी सांगितलं. हे शिसं आहे, म्हणाले, धुरातून आणि तसल्या हातानं खाल्लेल्या भाकरीतून अंगात गेलंय, पुन्हा त्या शेगडीपुढं बसला तर जगायचा नाही. मी तिथंच शेड बंद करायचं ठरवलं. पण त्याआधी मी त्यांना आणखी एक विचारलं, की हे बाईमाणसाला झालं तर काय होतं. ते म्हणाले, पोट दुखतं, रक्त कमी होतं, आणि दिवस राहिले तरी टिकत नाहीत.

मी ते का विचारलं, तुला सांगतो. या दिवाळीत तू न्हाणीपाशी तोंड धूत होतीस आणि आईनं तुझ्या हिरड्या पाहिल्या. मिश्री लावायला लागलीस म्हणून ती तुला वाट्टेल ते बोलली. तू शपथ घेऊन नाही म्हणालीस, तिनं ऐकलं नाही. त्या दिवशी तू जेवली नाहीस. ती रेघ मीही पाहिली होती.

तू कधी त्या शेगडीपुढं बसली नाहीस. तरी तुझ्या अंगात ते कुठून गेलं, हे मला डॉक्टरांच्या टेबलापुढं उभा असतानाच उमगलं. तुझ्या लग्नाआधी रुखवतातली पाच पितळी पातेली मी कल्हईला काढली होती. घरात डाखाच्या वड्या पडलेल्या असताना नवं कथील कशाला आणायचं, असं मला वाटलं. कल्हईवाला म्हातारा होता. त्यानं वडी कानाशी नेऊन वाकवली. निखळ कथील वाकवताना करकरतं, ही वडी गप्प राहिली. "मालक, ह्यात शिसं हाय," तो म्हणाला. "ह्यात माणसं जेवणार हायत की." मला वाटलं, याला स्वतःचं कथील खपवायचं असेल. मी पातेली उचलून शेडवर आणली आणि नवसागर मारून बिरप्पाकडून कल्हई करून घेतली. मांडवात बायका वाकून वाकून ती बघत होत्या आणि मी छाती काढून उभा होतो. याच दिवाळीत कल्हई उडालेली ती पातेली तू पोत्यात घालून एसटीनं घेऊन आलीस, तेव्हा पुन्हा तीच वडी वापरली. महिन्याभरात तुझं दुसऱ्यांदा पोट पडलं. तुमच्या घरात पोट धरून कण्हतात सगळेच, पण तू शेवटी जेवतेस. बुडाची, सकाळपासून त्याच पातेल्यात मुरून आंबटानं शिसं उतरलेली चिंचेची आमटी तुझ्याच ताटात येते.

गेल्या आठवड्यात मी आलो तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. सांगायलाच आलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आत तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "दोनदा झालं. आता आमी आमच्या पोराचं दुसरं लगीन बघतो. तुमी तुमची लेक घेऊन जावा." तुझा नवरा खाली मान घालून बसला होता. तू दाराआड उभी होतीस. आणि मी हात जोडले. पोरीच्या नशिबातच खोट आहे, सांभाळून घ्या, असं मी म्हणालो. ते तू ऐकलंस. मग तू मला वाढलंस, त्याच पातेल्यातलं. मी मुकाट्यानं जेवलो आणि मिळेल त्या गाडीनं परत आलो.

म्हणून हे लिहितो आहे. तुझ्या नशिबात खोट नाही आणि तुझ्या अंगातही नाही. ती दोन लेकरं माझ्यामुळं गेली. पत्र मिळेल त्या घटकेला ती पातेली चुलीवरून उतरव. मातीच्या भांड्यात शिजव. ती कुणाला देऊ नका, मोडीतही घालू नका, खड्डा खणून पुरा. हे पत्र सासूबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, माझी लाज राखायला एक ओळही गाळू नकोस. असंच पत्र मी जावईबापूंच्या नावानंही टाकलं आहे, म्हणजे हे तुझ्या हाती पडलं नाही तरी घरात कळेल. भांडी सुटली की शरीर हळूहळू सावरतं, असं डॉक्टर म्हणाले. किती आणि कधी, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी तुला तपासायला आणायला सांगितलं आहे. आईला आज सकाळी मी सगळं सांगितलं. तू येशील त्या दिवशी ती स्टँडवर येईल. मी तुझ्यासमोर यावं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
आबा