दादा नको म्हणाले

दादा, तुमची नात पोर्तुगालला चार महिने राहून आली. चित्रकलेच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर तिनं कुठंतरी अर्ज केला होता. तिकडच्या एका गावात जगभरातली दहाबारा तरुण मुलं एकत्र राहून काम करतात, त्यांत हिची निवड झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती. रांगोळीचे रंग चाळत बसलेल्या तुमच्या मांडीवर चढायची आणि मूठ भरून रंग उधळायची. आई असती तर तिनं ही बातमी गावभर सांगितली असती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोर्तुगाल? ते तर आपल्या वसईला येऊन गेले, आता आपली पोरगी तिकडं." सगळे हसले, मीही हसले. पण दादा, मला तिचा हेवा वाटतो. पोटच्या पोरीचा. चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

जूचंद्रच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढं येतं. दिवाळीच्या आधी महिनाभर आई चुलीशी असायची आणि उरलेली सगळी जमीन तुमची. मिठागरातून यायचात, पायांच्या भेगांत बसलेलं मीठ धुवायचात, चहा घ्यायचात आणि लुगड्याच्या फडक्यातून रंग गाळायला बसायचात. एकदा तुमचा पिवळा आईच्या बेसनात गेला होता आणि तिनं दोन दिवस तुम्हाला 'पिवळ्या' म्हणून हाक मारली होती. त्याच दिवाळीत, मी चौदा वर्षांची असेन, पडवीत आईचं चित्र काढायला बसले आहे. लग्नातला फोटो भिंतीवरून उतरवून समोर ठेवला आहे. जमिनीवर खडूनं चौकटी आखल्या आहेत आणि एकेक चौकट भरत मी हनुवटीपर्यंत आले आहे. तुम्ही मागं येऊन उभे राहता. मला वाटतं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही खाली वाकता आणि तळहातानं अख्खा चेहरा पुसून टाकता.

"तुजी आय आत चुलीपाशी बसलीय," तुम्ही म्हणता, "आनि तू तिला फोटोत बगतेस?"

मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वसईच्या बाजारातून माझ्यासाठी पितळेची बारीक चाळणी आणलीत, माझ्या एकटीची. मी ती घेतली, पण तुमचं म्हणणं घेतलं नाही. पुढं सगळं आयुष्य मी फोटोवरूनच चेहरे काढले आणि त्यात माझा हात कुणी धरू शकलं नाही. दिवाळीच्या प्रदर्शनात शाळेच्या हॉलमधली मधली जागा वीस वर्षं माझी होती. दोरीपलीकडून माणसं म्हणायची, "अगदी फोटोच." मला त्याहून मोठं कौतुक ठाऊक नव्हतं.

पोरगी गेली तेव्हा मी तिला लोणचं बांधून दिलं, विमानतळावर रडले, सगळं रीतसर केलं. मग तिचे फोटो यायला लागले. तिच्या त्या गावात सणाच्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवर फुलांच्या पाकळ्यांची आणि रंगवलेल्या भुशाची नक्षी घालतात. आदल्या दिवसापासून अख्खं गाव बसतं. म्हातारे, दुकानदार, ज्यांना चित्रातलं काही कळत नाही तेसुद्धा. आणि मग मिरवणूक त्याच्यावरून चालत जाते. ती फोनवर मला म्हणाली, "आई, ते चालण्यासाठीच काढतात." मी म्हटलं, छान. फोन ठेवल्यावर मी तिनं भरलेल्या भागाचा फोटो मोठा करून चुका शोधल्या. एका कडेला तिचा हात हलला होता. ते सापडल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

त्यानंतर तिचे प्रश्न सुरू झाले. त्या गावापासून जवळच मिठागरं होती, ती रोज तिकडं जायला लागली होती. आजोबा मिठागरात नेमकं काय करायचे? पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचे? मीठ धरायच्या आधी पाण्याचा रंग गुलाबी होतो, तो आपल्याकडंही व्हायचा का? मला धड उत्तरं देता येईनात. तुम्ही रोज तिथून यायचात आणि मी तुमच्या हातातल्या रंगाच्या पुड्यांकडं बघायचे. आपल्या घरामागं ते वाफे होते, दादा. दिवसातून दहादा त्यांचा रंग बदलायचा. मी कधी मान वळवून पाहिलं नाही, आणि ही सातासमुद्रापार जाऊन ते पाहून आली.

यंदाच्या दिवाळीत प्रदर्शनवाल्यांनी हॉलमधली मधली जागा तिला देऊ केली. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, ती आईची जागा आहे, मला बाहेरची वाट द्या. फाटकापासून हॉलच्या दारापर्यंतची वाट तिनं धुवून घेतली आणि गल्लीतल्या बायकांना मदतीला बोलावलं. भाजीवाली, शिवणकाम करणारी, नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या दोघी. मलाही बोलावलं. माझं चित्र अर्धं राहिलंय, असं मी सांगितलं. ते आदल्या दिवशीच पुरं झालं होतं.

तिनं मिठागर काढलं. राखाडी, गुलाबी, पांढरे वाफे, मधले बांध, पाण्यात पडलेलं आभाळ. चेहरा कुणाचाच नाही. हॉलमध्ये यायचं तर त्यावरूनच यावं लागत होतं. लोक आधी थबकले, कडेकडेनं चालले. मग तुमच्याबरोबर मिठागरात असायचे ते काका काठी टेकत आले. त्यांनी चपला काढल्या, एकेक वाफा ओलांडत निम्म्या वाटेवर आले आणि पोरीला म्हणाले, "हितं तुजा आजा उबा रायचा." ती त्यांचा हात धरून तिथंच खाली बसली. मी हे हॉलच्या दारातून पाहत होते. आत दोरीमागं मी रेखलेला चेहरा होता, मोबाईलवरच्या फोटोवरून काढलेला, एकही चूक नसलेला. माणसं रंगीत तळव्यांनी आत येत होती, त्याच्याकडं बघून छान म्हणत होती आणि परत बाहेर जात होती.

संध्याकाळपर्यंत वाटेवरचे वाफे एकमेकांत मिसळून गेले. मदतीच्या बायका पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. पोरीनं मला विचारलं, "आई, कसं वाटलं?" मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही रांगोळी नाही, सांडासांड आहे."

भाजीवालीनं कप खाली ठेवला. पोरगी चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजोबांनी तुला तेव्हा जाऊ दिलं असतं ना, तर हे तू माझ्या कितीतरी आधी केलं असतंस."

तिनं हे माझी समजूत काढायला म्हटलं, दादा. तिला मीच तसं सांगत आले आहे.

मॉरिशसच्या मराठी मंडळानं दिवाळीसाठी आपल्याकडचे तीन रांगोळीवाले बोलावले होते, त्यांत मी होते. तेवीस वर्षांची. तुम्ही दोन दिवस खाडे करून माझ्याबरोबर पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलात. कुणाकडून तरी बॅग मागून आणलीत. आई रडायला लागली तेव्हा तिला गप्प केलंत आणि मला म्हणालात, "जा. मी मिठागरापलीकडं काय बगितलं नाय. तू बगून ये न मना सांग." आणि आठ दिवस आधी मी जात नाही म्हणून बसले. विमानाची भीती नव्हती, परक्या माणसांचीही नव्हती. इथं मी पहिली होते. तिथं बरोबरचे दोघं होते, मंडळाची माणसं होती, सगळ्यांची नजर असणार होती. तिथं मी साधीच निघाले असते तर इथं परत येऊन काय करणार होते? गल्लीत विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, दादा नको म्हणाले. पोरीच्या जातीला कोण पाठवतं, असं म्हणून सगळ्यांना ते पटलंही. पुढं माझं लग्न ठरवताना सासरच्यांनी तुमच्या कडक शिस्तीचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत आणि त्यांना पोहे घ्या म्हणालात. नंतर ओट्यावर आपण दोघंच होतो तेव्हा एवढंच बोललात, "माजं नाव सांगितलंस ना? ऱ्हाव दे. मना काय त्रास नाय." मी कबूल केलं नाही आणि माफीही मागितली नाही. मरेपर्यंत तुम्ही गावात पोरीला अडवणारा बाप म्हणून राहिलात.

पोरगी आता पुन्हा निघाली आहे, या वेळी वर्षभरासाठी. तिला तुमच्यावर काहीतरी करायचं आहे. तुमचे वाफे, तुमचे रंग, तुमचा हात. जे तुम्ही माझं चित्र पुसून मला दाखवत होतात ते तिला कुणी न सांगता दिसलं, आणि तुमचा वारसा तिच्याकडं गेला. याचाच हेवा सगळ्यांत जास्त आहे. आज सकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. मी मेथी निवडत होते. तिनं विचारलं, "आजोबा खूप कडक होते का गं? म्हणजे, तुला जाऊ दिलं नाही ते नक्की कशामुळं?"

सांगायला ती वेळ चांगली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. पण ते सांगितलं असतं तर तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच उरला असता की ती गेली आणि मी गेले नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. जिच्यापर्यंत पोचेल तिला मी ते देणार नाही. मी मेथीची जुडी सोडत म्हटलं, कडकच होते. आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.