वेबसाईटवरचा मानाचा बैल

बरकतपुरा, हैदराबाद
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप नामदेवदादास,

धाकट्या भामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा ठेवलं असं समजून घे). तुझा खोकला कसा आहे? वहिनी गोळ्या वेळेवर घेतात की अजून तुळशीच्या कुंडीत टाकतात? इकडे सगळे खुशाल. सूनबाई प्राजक्ताला मी मराठी वाचायला बसवते. अक्षराला अक्षर जोडत ती वाक्याच्या शेवटाला पोचते तोवर सुरुवात विसरलेली असते, पण वाचते.

तर आपली वेबसाईट. तू ती अजून उघडलेली नाहीस (फोन फक्त बोलायला असतो, हे तुझं मत मला पाठ आहे), म्हणून हा कागद. दादा, सातवीतून शाळा सुटलेली तुझी बहीण आज ‘आपलं सावळदरा’ चालवते! हिमायतनगरच्या कॉम्प्युटर क्लासात सगळ्यांत म्हातारी मीच. मास्तर मला अम्मा म्हणायचा आणि मी त्याला रोज तेच ते चार वेळा विचारायची. आता गावच्या आडाचा, पाराचा, शाळेचा इतिहास (शाळेत तू खाल्लेल्या माराचासुद्धा) माझ्या हातचा आहे. पुण्यापासून मस्कतपर्यंत गावची माणसं तो वाचतात. मला याचा अभिमान वाटतो, आणि मी तो अजिबात लपवत नाही.

आता घोटाळा ऐक. ढग्यांची कुसुम आठवते ना, माझी बालमैत्रीण? लेकाकडे हिमायतनगरलाच असते. तिनं माहेरचे जुने फोटो वेबसाईटसाठी मला दिले. त्यात एक पोळ्याचा निघाला. वेशीत तोरण, तोरणाखाली आपले आजोबा फेटा बांधून, आणि शेजारी बेगड, झूल, घुंगुरमाळा घालून नटलेला बैल. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! खाली ठळक लिहिलं, ‘पाटलांचा मानाचा बैल सर्जा’. तेवढ्यावर थांबले असते तर मी भामा कसली? तोरणाखालून पहिलं जायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आपलाच, आणि ढग्यांसारखी घरं मागे ताटकळत उभी राहत, असंही ठोकून दिलं. फोटो कुणी दिला होता, हे लिहिण्याच्या भरात विसरलेच.

फोटो चढला. आजोबांबद्दल एकानंही विचारलं नाही. आपल्या माणसांना चुलता ओळखू येणार नाही, पण बैल बरोबर ओळखतील. दुसऱ्या दिवशी कुसुमचा फोन. “भामे, झूल तुमची, बैल आमचा. कपाळावरचे दोन भोवरे बघ. आमचा पाखऱ्या हाय त्यो. खरं लिही, नाहीतर माझे फोटो वापस दे.” मी तिला चष्मा बदलायला सांगितला. तिनं फोन आपटला. तेव्हापासून भजनात ती माझ्याकडे पाठ करून बसते. शाळेत जिच्यासोबत एका पाटीवर लिहिलं, तिची पाठ बघत टाळ कुटायचे, दादा, फार वाईट वाटतं रे.

शेवटी फोटो घेऊन जामबागेत त्रिवेणीआत्याकडे गेले. बाबांची बहीण, तिच्याएवढं जुनं आता कोण उरलंय? तिनं बघितलं आणि कवळी हातात घेऊन हसत सुटली. बैल ढग्यांचाच! त्या साली रोगानं आपली दोन्ही जनावरं बसली. मान मोडणार म्हणून आजोबांनी अन्न सोडलं. तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, कुसुमच्या आजोबांनी आपला पाखऱ्या गुपचूप आणून आपल्या गोठ्यात बांधला. वर आपली झूल चढली, आणि ते स्वतः मागे रिकाम्या हातानं उभे राहिले. साऱ्या गावानं बैल ओळखला असणार, आणि सारं गाव गप्प बसलं. तिथून पुढे तोरा आपण मिरवला, ढग्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

तू आता पानाचा डबा आपटशील, मला ठाऊक आहे. पण मला लाज वाटली तेवढाच गर्वही वाटला. शेजाऱ्याचा मान राखायला अख्खं गाव तोंड शिवून बसतं, असं गाव दुसरं दाखव मला! हे सगळं मी वेबसाईटवर जसंच्या तसं लिहिलंय, आणि ‘ताटकळत’ हा शब्द काढून टाकलाय.

वहिनींना नमस्कार, लेकरांना पापा. तुझ्या रागालासुद्धा लांबूनच नमस्कार.

तुझीच,
भामा

ता. क. एक मागणं राहिलंच. यंदा पोळ्याला आपला बैल एकटा पुढे काढू नकोस. कुसुमच्या भावाचा बैल जोडीनं घे, आणि दोघे तोरणाखालून बरोबर जाऊ देत. तोरण जरा रुंद बांधायला सांग.

ता. क. २. विचार करायला वेळ माग, पण फार मागू नकोस. तुझा हा निर्णय, तुझ्या नावानं आणि फेट्यातल्या फोटोसकट, मी कालच वेबसाईटवर टाकलाय. मस्कतपर्यंत तुझी वाहवा चाललीय. आणि कुसुम आज सकाळी पुरणपोळीचा डबा घेऊन आली, तो मी खाऊनही बसले.