तीन एमएम प्लेटमधला कॉम्प्युटर

२ जून
आर्किटेक्ट बाई वर्कशॉपवर आल्या. नव्या लायब्ररीच्या हॉलमध्ये मधोमध लोखंडी गोल जिना करायचा आहे. आयुष्यभर खिडक्यांना ग्रिल आणि कुंपणाला गेट केली. गेटकडे कोणी थांबून बघत नाही, ढकलतात आणि आत जातात. हा जिना मलाच मिळाला पाहिजे.
अट एकच. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर हवं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवरच होतं. कॉम्प्युटर अजून घ्यायचाय, पण तो तपशील झाला.
महिनाअखेर दाखवायचं. साडूलाही विचारलंय म्हणे. पुढच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप. बायकोची बहीण त्याच्या घरी म्हणून नातं, नाहीतर त्याचं वेल्डिंग बघून मी ओळखसुद्धा दाखवली नसती.

५ जून
निश्चय: मशीन स्वतः पारखून घ्यायचं, कोणाचा सल्ला नको.
दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, सॉफ्टवेअर कोणतं चालवणार? म्हटलं, सगळी. म्हणाला, तसं नसतं, आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग त्याला लागेल तसा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड बघू. म्हणजे आधी टोपी घ्यायची आणि मग तिच्या मापाचं डोकं शोधायचं. असले लोक दुकानं चालवतात.
शोकेसमधल्या कॅबिनेटवर टिचकी मारली. डबडं. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे, बाकी सगळीकडे जाळ्या. एवढी भोकं कशाला, विचारलं. हवा खेळायला म्हणे. म्हटलं, माझ्याकडे दिवसभर ग्राइंडरची पूड उडते, हवा एकटी खेळायला येणार नाही.

८ जून
साडूने कॉम्प्युटर घेतलासुद्धा. दुकानदाराने दाखवला तो. ठोकून बघितला नाही, उचलून बघितला नाही. बायको म्हणाली, भाऊजींनी ड्रॉइंग शिकलेली एक मुलगी पण कामाला ठेवलीय. ज्याला स्वतःचं डोकं नाही त्याने बाहेरून आणावं.

११ जून
खरेदी झाली. ग्राफिक्स कार्ड दोन होती. दोन्ही हातांत धरून तोलली. एक पुठ्ठ्यासारखं, एक विटेसारखं. दुकानदार म्हणाला, जड आहे ते गेम खेळायचं, तापतंही फार. तुमच्या कामाला हलकं बरं, वाचेल त्यात रॅम वाढवा. चांगला माल लपवायची जुनी युक्ती. वीट घेतली.
कॅबिनेट घेतलं नाही. पत्र्याचं काम मी दुसऱ्याकडून विकत घेऊ?

१४ जून
कॅबिनेट तयार. तीन एमएम प्लेट, सगळे जोड फुल वेल्ड. ग्राइंड करून असे एकजीव केलेत की डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड सापडत नाही. झाकणाला रबर. वायरींपुरती भोकं, तीही सीलबंद. पूड सोडा, मुंगीसुद्धा जाणार नाही.
वेल्डर म्हणाला, मालक, यात माणूस ठेवला तर गुदमरेल. म्हटलं, माणूस ठेवायचा नाहीये.
उचलायला चौघे लागले. टेबल वाकलं. टेबल साडूच्या वर्कशॉपचं, शंका होतीच.

१८ जून
जिना सुरू. फार सोपं आहे. दोन पायऱ्या झाल्या. वेल्डर म्हणाला, एक काढून बाकीच्यांना कॉपीचं बटण असतं ना? म्हटलं, मी कधी कोणाची कॉपी केली नाही, स्वतःचीही करणार नाही. प्रत्येक पायरी वेगळी काढणार.

२२ जून
पाच पायऱ्या. फिरवायला गेलो की मशीन बंद पडतं. प्रोसेसर फडतूस. दुकानदाराला फोन करून झापला. तो विचारत होता, काका, गरम होतंय का? म्हटलं, मीच गरम झालोय.

२५ जून
बायको चहा घेऊन आली. डब्यावर कप ठेवला आणि म्हणाली, अहो, हा इस्त्रीसारखा तापलाय. झाकण उघडा. बायकांना सगळी झाकणं उघडायची असतात. समोर टेबल फॅन लावला. प्लेट थोडी गार झाली. मशीन तरी बंद पडतंय. म्हणजे दोष उष्णतेचा नाही, सिद्ध झालं.
रात्रभर चालवून सवय लावावी का, विचार चालू आहे.

२९ जून
बाई आल्या. येताना साडूचं बघून आल्या होत्या. तोंडावर काही दिसलं नाही, म्हणजे आवडलं नसणार.
ड्रॉइंग उघडलं. नऊ पायऱ्या. म्हणाल्या, वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाहीये. म्हटलं, पुढच्या अशाच असतात. फिरवून दाखवा म्हणाल्या. अगदी हळू फिरवला. अर्ध्यात स्क्रीन काळा. मी म्हटलं, मागची बाजूही अशीच आहे.
बाईंनी डब्यावर हात टेकला आणि झटकन काढला. मग रुमाल धरून झाकण उघडून बघितलं, लावून बघितलं. जोडांवरून बोट फिरवलं. हे कोणी केलं, विचारलं. मी, म्हटलं. बराच वेळ बघत होत्या. साडूच्या डबड्याला नक्की हात लावला नसेल.
बायकोला सांगितलं, जिना आपलाच. ती म्हणाली, बरं.

३ जुलै
बाईंचा फोन. जिना साडूला.
पण त्या माझ्या डब्यावर खूष आहेत. इतका घट्ट, आतला वासही बाहेर येणार नाही असा डबा त्यांनी पाहिला नाही म्हणे. लायब्ररीला तसेच कचऱ्याचे डबे हवेत, पाय दाबला की उघडणारे. ड्रॉइंग नको म्हणाल्या, तुमचा अंदाज चांगला आहे.
साडूला ड्रॉइंग द्यावं लागलं. माझ्या अंदाजावर विश्वास. फरक आहे.
ठेवणार कुठे, विचारलं. मापाला बरं पडतं.
म्हणाल्या, जिन्याखाली.