फ्रिजमधली माझी पेनं

पैलवान,

माझी इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये शोधू नकोस, मी दुकानात घेऊन गेलोय. काल जेवायला बसताना तुला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, आईवर उगाच खेकसलास. तिला वाटलं, पोरगा शेफारलाय. मी साखरेचं पाणी पुढ्यात ठेवलं, कारण साखर उतरली की मीही असाच खेकसतो.

दंड फुगवायला हे टोच असं जिममध्ये ज्याने सांगितलं, त्याला विचार, झोपेत साखर उतरली तर पाणी कोण देणार?

नाश्ता करूनच बाहेर पड. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ, तिथे खरं सांग. आईला अजून बोललो नाही.

मला हे टोचल्याशिवाय जगता येत नाही रे. तुला येतं.

बाबा