परत आलेली चिठ्ठी

एनिस,
१२ जानेवारी २०२१

चि. अश्लेषास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं बोलणं मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुझी आई ओरडून सांगते, त्यापेक्षा पत्र बरं. तू आत्या झालीस, आलोकच्या बाळाला बघायला म्हणून दोन महिन्यांसाठी इकडे परदेशात आलो आणि कोविडमुळे अडकलो, येऊन आता वर्ष होईल. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, त्यामुळे एकाच देशात राहून सिटीवेस्टला तुझ्याकडे येता येत नाही.

आई विचारते, हॉस्पिटलात एवढा कोविड असताना तू वॉर्डात कशाला जातेस? मलाही ते नीटसं उमगलेलं नाही. कऱ्हाडात चाळीस वर्षं मी औषध लिहायचो आणि दुकानदार ते द्यायचा. तुमच्याकडे पुड्या बांधणारे डॉक्टरांबरोबर राउंडला जातात म्हणे. रागावू नकोस, बापाची थट्टा आहे. जिवाला जप.

तुझे,
बाबा

सिटीवेस्ट,
४ फेब्रुवारी २०२१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

थट्टा पोचली. आमच्या डॉ. ब्रेनन यांचंही मत तुमच्यासारखंच होतं. वॉर्डातली गर्दी कमी करायची म्हणून त्यांनी राउंडला फक्त गरजेची माणसं ठेवली. मी त्यात बसले नाही. खाली फार्मसीत बसून काम करायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात शिनेड नावाच्या नर्सचा फोन आला. पडून हाड मोडलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईंचं तोंड फोडांनी भरलंय, घास गिळवत नाही, जरा वर येऊन चार्ट बघतेस का, म्हणाली. बघितला. संधिवातासाठी त्यांना मेथोट्रेक्सेट चालू होतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चार्टवर रोजची लिहिली गेली होती. पाच दिवस रोज दिली होती. त्यांच्या गावातल्या फार्मसीला फोन करून मी खात्री करून घेतली.

डॉ. ब्रेनन आधी म्हणाले, आजारी माणसाचं तोंड येतंच, तू तुझं काम बघ. मी म्हटलं, हेच माझं काम आहे, रक्त तपासल्याशिवाय मी खाली जाणार नाही. पांढऱ्या पेशी फार खाली आल्या होत्या. गोळी थांबवून तासाभरात उतारा सुरू केला. पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. काल बाईंनी पहिल्यांदा वाटीभर सूप घेतलं.

मला डॉक्टरांचा आलेला राग मात्र टिकला नाही. सोळा-सोळा तास उभे असतात ते. त्यांनी मला शेजारी बसवून बाईंच्या मुलीला फोन केला आणि सांगितलं, चूक आमच्याकडून झाली, ती आमच्या फार्मासिस्टनं पकडली. सोमवारपासून मी पुन्हा राउंडला आहे.

आईला नमस्कार. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
अश्लेषा

एनिस,
९ फेब्रुवारी २०२१

चि. अश्लेषास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मध्येच थांबलो. तिला वाटलं, मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये.

आपल्या दवाखान्यासमोर शोभनाबाईंचं औषधाचं दुकान होतं, आठवतं? ही गोष्ट घडली तेव्हा तू पाळण्यात असशील. एका शिक्षकांची गुडघेदुखीची चिठ्ठी त्यांनी परत पाठवली. मागे लिहिलं होतं, यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यावर ही द्यावी का? भरल्या दवाखान्यात मी म्हणालो, बाईंना सांगा, डॉक्टर मी आहे. गोळी दिली गेली. आठव्या दिवशी मास्तरांना रक्ताची उलटी झाली. मिरजेला नेलं म्हणून वाचले. बाई बरोबर होत्या, हे मी कोणालाच सांगितलं नाही. उलट पेशंटना दुसऱ्या दुकानात पाठवू लागलो. तुझ्या त्या ब्रेनननं एका फोनमध्ये जे केलं, ते मला तीस वर्षांत जमलं नाही.

तुझ्या आईलाही हे आजच कळलं.

तुझे,
बाबा

सिटीवेस्ट,
१५ फेब्रुवारी २०२१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि तुम्ही मला सांगितलंत म्हणून बरंही वाटलं. पण मला सांगून भागणार नाही. शोभनाबाई कऱ्हाडातच, नातीजवळ असतात, असं सुलेखामावशीकडून कळलं. पत्ता सोबत लिहिला आहे. माझ्यावर आहे तशीच माया असू द्या.

तुमची,
अश्लेषा

एनिस,
२० मार्च २०२१

चि. अश्लेषास,
अनेक आशीर्वाद.

शोभनाबाईंना पत्र लिहिलं. टपालाला महिना लागेल म्हणून आलोकनं त्याचा फोटो त्यांच्या नातीला पाठवला. काल त्यांचं उत्तर आलं, तसंच फोटोतून. अक्षर थरथरतं, पण नेटकं आहे.

त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिलेला नाही. मास्तरांना बघायला त्या मिरजेला गेल्या होत्या म्हणे. गोळी आपल्याच हातानं दिली याचं त्यांना अजून वाईट वाटतं. पुढे लिहिलंय की दुकान आणखी एकोणीस वर्षं चालवलं, पण त्या दिवसानंतर कुठल्याच डॉक्टरांची चिठ्ठी परत पाठवायचा धीर झाला नाही.

त्या एकोणीस वर्षांत किती चुकीच्या चिठ्ठ्या तशाच गेल्या असतील, याचा मी कालपासून विचार करतोय. तू परत पाठवत जा, पोरी. समोर कोणीही असो.

तुझा,
बाबा