बायकोच्या व्हिसावर

४ जानेवारी
यांची साठी झाली म्हणून कंपनी व्हिसा पुढे वाढवत नाही. महिनाअखेर जबल अलीच्या गोदामातली नोकरी सुटणार. घरी आले ते बूटसुद्धा न काढता म्हणाले, "आता श्रीवर्धनला जायचं." मला विचारलं नाही, सांगितलं. अर्धं आयुष्य शारजात काढलं, ते काय पाहुणी म्हणून?

६ जाने.
गावी सामान पाठवायला कार्गोवाल्याचे रिकामे खोके आले. आमच्या लोकांची रीतच ही. चांगली वस्तू घ्यायची, वापरायची नाही, पलंगाखाली सारायची. गावच्या घरी लागेल! माझा डिनरसेट लेक सना पहिलीत असल्यापासून तिथे आहे, आणि आम्ही जेवतो प्लास्टिकच्या ताटांत. सगळे खुळे, मी त्यांत पहिली.

९ जाने.
नर्सरीत मॅडमना विचारून आले. मी तिथे शिकवते, माझा व्हिसा नर्सरीचा, पगारही पुरेसा. नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं. रात्री यांना सांगितलं.
"बायकोच्या व्हिसावर राहू? लोकांना तोंड कसं दाखवू?"
नोकरी लागेपर्यंत मी यांच्या व्हिसावर होते. माझं तोंड कुठे गेलं होतं? बोलायला हवं होतं.

१२ जाने., शुक्र.
डिनरसेटचा खोका फोडला. हे ओरडले, "अगो, तो गावचा आहे!" म्हटलं, आता इथला. त्यातच बिर्याणी वाढली. सना दुबईहून आलेली. म्हणाली, "अम्मी, अबाउट टाइम." हे हट्टाने प्लास्टिकच्या ताटात जेवले. दोनदा घेतली मात्र.

१८ जाने.
गावाहून दिरांचा फोन. "भाभी, एवढं घर बांधलंय, कुलूप गंजतंय."
"तेल घाला, मजीदभाई."
मग बाईमाणसाने कसं वागावं यावर भाषण. अर्ध्यातच फोन ठेवला. बरं वाटलं, खरंच.

२३ जाने.
टायपिंग सेंटरमध्ये बसून लिहितेय. व्हिसाचा अर्ज इथेच भरतात. हे "नुसतं सोबत" म्हणून आलेत. काउंटरवाल्याने यांनाच विचारलं, "स्पॉन्सर आप हैं ना?" हे भिंतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मैं हूँ." यांनी खिशातून पासपोर्ट काढला, पण दिला नाही. मागून कुणीतरी घाई केली, "यल्ला, अंकल." आमचा नंबर गेला. मी दुसरं टोकन घेतलं.

पासपोर्ट यांच्या हातातच आहे. मी मागणार नाही. आणि मी गावी जाणारही नाही, हे यांना माहीत आहे. शेजारची खुर्ची रिकामी आहे, तरी उभेच आहेत.